श्रावणात न वाढलेली दाढी

माझा नवरा दीड वर्ष साधू होता. तसं गावाने ठरवलं होतं, आणि एकदा गावाने ठरवलं की बायकोला कोण विचारतो! त्या दीड वर्षात मी जेवढी भांडले तेवढी उभ्या जन्मात भांडले नाही. भांडणं सगळी एकतर्फी, कारण समोरचा माणूस भांडायला तयारच नव्हता. तोच तर त्याचा रोग होता, पण हे कळायला मलाही वेळ लागला.

गाव चऱ्होली. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर कारखान्यांची बांधकामं चालू होती आणि आमच्या बैलगाड्या तिकडे मुरूम वाहत होत्या. मी चिंचवडची, शाळामास्तरांची मुलगी, मराठी सातवी पास. शेतकऱ्याच्या घरात पडले तरी बोलणं माहेरचंच राहिलं, त्यावरून सासरी बरीच चेष्टा झाली. नवऱ्याला आमच्याकडे सगळे मालक म्हणत, म्हणून मीही मालकच म्हणायची. उंचापुरा गडी. मुरमाची गाडी भरायला दोन माणसं लागायची तिथे हे एकटे भरत. आणि राग विचारू नका. गाडीवानाने बैलाला उगाच चाबूक ओढला की यांचा आवाज असा निघायचा की शेजारच्या वावरातली माणसं काम टाकून उभी राहत. घरात कधी कुणावर हात टाकला नाही, पण जेवताना भाजी बिघडली असेल तर ते सगळ्या आळीला कळायचं. मीही काही कमी नव्हते. मी तितक्याच आवाजात उत्तर द्यायची. आमचा संसार असा वाजतगाजत चालला होता आणि खरं सांगते, छान चालला होता.

बदल एका दिवसात झाला नाही. आधी आवाज गेला. एकदा भरल्या गाडीचा चाकांमधला आख मोडला, मुरूम रस्त्यावर सांडला, गाडीवान थरथरत घरी आला. मी आतून कान टवकारून बसले की आता काय होतंय. मालक ओट्यावर बसले होते, म्हणाले, "असू दे." बस्स. गाडीवानाला इतका धक्का बसला की तो बिचारा मार खाल्ल्यासारखा रडायला लागला. मला बरं वाटलं. म्हटलं, वय झालं, माणूस निवळला. पंचेचाळिशी आली होती.

मग अंगातला दम गेला. मुरमाच्या खाणीवर गड्यांबरोबर फावडं मारणारा माणूस बाभळीखाली बसून राहू लागला. जेवण झालं की जागच्या जागी डोळा लागायचा. दंड सुटले, पोट सुटलं. बैल हौसेने पाळलेले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवल्याशिवाय यांचा दिवस उजाडत नसे, ते मालक आता गोठ्याकडे फिरकेनात. कशातच मन नाही. मग हळूहळू पाय देवळाकडे वळले. तिथे बसून ऐकायचं असतं, उचलायचं काही नसतं. कीर्तनात यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ज्या माणसाने बापाच्या मरणाला डोळे कोरडे ठेवले, तो साध्या अभंगाला रडतोय, हे गावाने पाहिलं आणि गाव विरघळलं.

आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख एक म्हातारे बुवा होते, पखवाज वाजवायचे. भला माणूस. त्यांनीच देवळात पहिल्यांदा सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्यो मानूस सुटला. राग ग्येला, लोभ ग्येला, आता काय ऱ्हायलं?" आळंदी आमच्यापासून तासाभराची पायवाट. आमच्या भागात एखाद्याचा राग गेला, इच्छा गेली, तर लोकांना पहिल्यांदा देवच आठवतो. डॉक्टर नाही आठवत. दुसरीकडे कुठे हेच घडलं असतं तर कुणी म्हटलं असतं, बाबा, तुला काय होतंय? आमच्याकडे लोक पाया पडू लागले. यांच्या गळ्यात माळ आली. लोक यांना माउली म्हणू लागले. बांधाची भांडणं यांच्यासमोर येऊ लागली आणि हे दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकून घेत, कारण उठून जायचीसुद्धा ताकद नव्हती. बायका नदीवर मला म्हणायच्या, "नशीबवान हाय बाई तू."

नशीबवान! साधूच्या बायकोला सुट्टी नसते. गाड्या कुणी जुंपायच्या? खाणीवर कोण जाणार? पाण्याची पाळी कोण धरणार? थोरला मुलगा सोळा वर्षांचा, शिकत होता, त्याला मला शाळेतून काढायचं नव्हतं. मीच कासोटा घातला आणि उभी राहिले. पहाटे गाड्या सोडायच्या, खाणीवर जायचं, गडी कमी पडला की फावडं हातात घ्यायचं, परत येऊन चूल. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. मला ते जमलं आणि ते जमतंय याचा मला तोराही होता.

आता दुसरं. या वयात लाजायचं तरी कुणाला? नवराबायकोचं म्हणून जे असतं ते थांबलं होतं. आधी कमी झालं, मग अजिबातच थांबलं. हे माझ्याकडे पाठ करून झोपायचे आणि मी आढ्याकडे बघत पडायची. बरेच महिने मला वाटत राहिलं की माझ्यातच काही उणं आलंय. मी वेणी घट्ट घालून पाहिली, ठेवणीतलं लुगडं नेसून पाहिलं. माझीच मला कीव आली. शेवटी एकदा स्पष्ट विचारलं तर म्हणाले, "त्येची आता इच्छाच न्हाई ऱ्हायली. बरं झालं न्हवं?" इतकं सरळ म्हणाले की मला राग यायच्या ऐवजी भीती वाटली.

आषाढात बुवा घरी आले आणि मला समोर बोलावून सांगितलं, की कार्तिकीला मालक आळंदीला जाणार ते कायमचे. धर्मशाळेत खोली बघून ठेवली होती. संसारातून मोकळं व्हायचं, उरलेलं आयुष्य तिथे काढायचं. मालक मान खाली घालून बसले होते. मी म्हटलं, "हे तुम्हीच ठरवलंत का?" ते म्हणाले, "बुवा म्हनत्यात तर जातो." सगळ्यात मोठा धक्का मला या वाक्याचा बसला. माझ्या नवऱ्याने आयुष्यात कुणाच्या म्हणण्याने पाऊल उचललं नव्हतं. घर सोडायचं तर स्वतःच्या हट्टाने सोडायचं ना! मला नवरा असा हातातून जाऊ द्यायचा नव्हता. देवाशी माझं भांडण नव्हतं, पण देवाने मागितला नसताना मी तो का द्यावा? कार्तिकीपर्यंत माझ्या हातात जेवढे महिने होते तेवढे होते.

मग श्रावण आला. आमच्याकडे पुरुष श्रावण पाळतात, म्हणजे महिनाभर वस्तरा लावायचा नाही. महिना संपत आला की सगळं गाव अस्वलासारखं दिसायला लागतं. मालकांची दाढी तर गावात प्रसिद्ध होती. पूर्वी सकाळी केली की संध्याकाळी उलटा हात फिरवला तर करकर वाजायची. धाकटी मुलगी तान्ही असताना तिचे गाल यांच्या दाढीने लाल व्हायचे. एरवी आठवड्यातून दोनदा न्हावी यायचा. त्या वर्षी तोसुद्धा म्हणाला होता, "देवाची किरपा, वस्तरा लागतच न्हाई माउलीला." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीही डोलावली होती, मूर्खासारखी.

श्रावणाच्या शेवटी देवळात भजन होतं. पुरुष ओळीने बसलेले. मी बायकांच्या बाजूला, समोर सगळे चेहरे. एकेकाची दाढी ही अशी, काळी, पांढरी, मिश्र, कुणाची छातीला टेकू पाहणारी. आणि मध्ये माझा नवरा. हनुवटीवर चार केस, ओठावर थोडी लव, गाल स्वच्छ. मिसरूड फुटणाऱ्या पोरासारखा. मागच्या श्रावणात दाढी नुसती विरळ वाटली होती, ते मी वयावर ढकललं होतं. बुवा पखवाजावर हात ठेवून म्हणाले, "तेज बघा तोंडावरचं!" लोकांनी पाहिलं आणि हात जोडले.

मी हात जोडले नाहीत. माझं डोकं एकदम लख्ख झालं. मी मनात म्हटलं, वैराग्याने माणसाचा राग जाईल, लोभ जाईल, बायकोसुद्धा नकोशी होईल, पण वैराग्याने दाढी यायची कशी थांबेल? मोठमोठ्या तपस्व्यांच्या दाढ्या गुडघ्यापर्यंत पोचल्याची चित्रं आपण बघतो. दाढीला काय माहीत, मालक संसारात आहे की सुटला आहे?

एकदा नजर तशी झाल्यावर सगळंच दिसायला लागलं. छातीवरचे केस विरळ झाले होते. गार हवेत बसल्या बसल्या यांना एकदम घाम फुटायचा, अंगातून वाफा निघाल्यासारख्या, आणि मिनिटात ओसरायचा. माझ्या बहिणीला पाळी जाताना तसं व्हायचं. एक दिवस धाकटी पळत येऊन यांच्या छातीवर आदळली तर हे कळवळले. मी सदरा वर करून बघितलं. छाती बाईसारखी मऊ, किंचित सुजलेली, हात लावला की दुखायची. म्हणाले, "आसंल काय तरी." मी सदरा खाली केला आणि मनात निश्चय केला.

चिंचवडला माझ्या माहेराजवळ एक डॉक्टर बसायचे, पुण्याहून येत. धाकटीचा कान फुटला होता, तिला घेऊन मी गेले. कानाचं झाल्यावर मी मुलीला बाहेर आजोबांकडे पाठवलं आणि खुर्चीवरून उठलेच नाही. सगळं सांगितलं. झोपेचं, घामाचं, छातीचं, आणि आमच्या दोघांमधलंही सांगितलं. डॉक्टर तरुण होते, माझ्यापेक्षा जास्त तेच लाजले. गावात यांना साधू म्हणतात हेही मी सांगितलं. ते म्हणाले, "बाई, वैराग्याचं मला कळत नाही. दाढीचं कळतं. त्यांना घेऊन या."

मी विचारलं, "काय असेल?" ते म्हणाले, "न बघता सांगणार नाही. साखरेचा आजार असू शकतो, क्षय असू शकतो, रक्त कमी असेल, मनाला काही लागलं असेल. नुसता थकवा म्हणाला असतात तर मी शंभर कारणं सांगितली असती. पण तुम्ही जे एकत्र सांगताय, त्याचं एक वेगळं कारण असू शकतं. बघू दे."

आता यांना न्यायचं कसं? मी घरी येऊन सरळच बोलले. "तुम्ही आजारी आहात." ते हसले. "मला काय दुखतंय का?" मी म्हटलं, "छाती दुखते. दाढी येत नाही. हात-पाय गळाले. ही माळ घालायच्या आधीपासूनचं आहे." ते म्हणाले, "लोक एवढं म्हनत्यात, त्ये काय येडे हायेत व्हय?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांना तो मान हवासा वाटतो. का वाटू नये? अंगातलं सगळं गेलं होतं, मग लोकांनी दिलेलं तेवढंच हातात उरलं होतं. ते मी काढून घ्यायला निघाले होते. मला वाईट वाटलं, पण थांबले नाही.

मी म्हटलं, "एकदा डॉक्टरांना दाखवा. काही निघालं नाही तर मी स्वतः तुमची वळकटी बांधीन आणि आळंदीपर्यंत पोचवायला येईन. चकार शब्द काढणार नाही."

"आन् निघालं तर?"

"तर आधी बरं व्हायचं. मग जायचं असेल तर जा. पण जाणारा माणूस धडधाकट पाहिजे आणि स्वतःच्या मनाने गेला पाहिजे. आजारी माणसाला मी देवाच्या दारात टाकून येणार नाही."

ते म्हणाले, "जाऊ." होकारसुद्धा असा, की ढकललं तर पडेल.

गाड्या पिंपरीला जातच होत्या, त्यातल्याच एकीवर बसून आम्ही गेलो. डॉक्टरांनी आधी लघवी तपासली, रक्त तपासलं, छातीच्या फोटोसाठी पुण्याला पाठवलं. ते सगळं नीट निघालं. मग दुसऱ्या खेपेला यांना एकट्याला आत घेतलं, पडदा ओढला. मी बाहेर बाकावर. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "मोठेपणी कधी गालगुंड झाले होते?"

तेव्हा ती गोष्ट बाहेर आली. दोन-अडीच वर्षांपूर्वी तिन्ही पोरांना गालगुंड झाले होते, पाठोपाठ यांनाही. पोरं आठवड्यात खेळायला लागली. यांना मात्र खाली सूज आली, दोन्हीकडे, नारळाएवढी, ताप डोक्यात गेला. आणि या गृहस्थाने मला सांगितलं होतं की गाडीवरून उतरताना पाठ धरलीय! वस्तीवरच्या खोपटात पडून राहिले, मला जवळ येऊ दिलं नाही. सूज उतरली तेव्हा सगळं पूर्वीपेक्षा बरंच लहान झालेलं, तेही कुणाला सांगितलं नाही. लाज. ज्या माणसाचा आवाज तीन वावरं ओलांडायचा, त्याला हे एक वाक्य बायकोला सांगता आलं नाही.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून समजावलं. म्हणाले, पुरुषाच्या अंडातून एक रस रक्तात जातो. दाढी-मिशी, अंगातली ताकद, इच्छा, उमेद, सगळं त्याच्यावर. मोठेपणी गालगुंडाची सूज तिथे उतरली तर कधी कधी तो रस तयार करणारा भागच सुकून जातो. सगळ्यांचा नाही, पण यांचा सुकलाय.

मालकांनी ऐकलं आणि जन्मभर बैलांत वावरलेल्या माणसाला जे कळायचं ते कळलं. म्हणाले, "म्हंजी मी बडवल्याला बैल झालो."

गोऱ्ह्याला नांगराला जुंपण्याआधी बडवतात, म्हणजे त्याचं नरपण ठेचतात, ते आमच्या दारात दरवर्षी व्हायचं. मग तो शांत होतो, मारत नाही, सांगाल तिकडे जातो. आम्ही त्याला शहाणा बैल म्हणतो. हेच आम्ही घरात माणसाच्या बाबतीत म्हणत होतो.

डॉक्टर मात्र ठाम होते. "बैलाचं गेलेलं परत मिळत नाही. तुमचं मी परत देऊ शकतो. तोच रस तेलात मिसळून इंजेक्शनमध्ये मिळतो. आठवड्यातून दोनदा टोचायचं. सुई जाड आहे, दुखेल. मूल होण्यासाठी याचा उपयोग नाही, तुम्हाला मुलं आहेतच. लघवीला अडलं, पाय सुजले, तर लगेच यायचं. आणि बहुतेक हे जन्मभराचं औषध आहे, चष्म्यासारखं. गावात कुणी म्हणाला की मलाही थकवा येतो, मलाही टोचा, तर त्याला आधी माझ्याकडे पाठवा. ज्याच्यात कमी नाही त्याने घेतलं तर नुकसानच आहे."

परत येताना गाडीत मालक एकच बोलले. "लोकांना काय सांगायचं?" मी म्हटलं, "अशक्तपणा होता म्हणून सांगा."

इंजेक्शनं चालू झाली. मी रोज यांच्या तोंडाकडे बघायची, चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तशी. पहिले काही आठवडे काहीच नाही. मग एकदा दुपारी जेवून हे झोपले नाहीत. मग गोठ्यात गेले आणि बराच वेळ आतच होते. घाम फुटायचा थांबला. दसऱ्याच्या सुमाराला एका गाडीवानाने जू उलटं बांधलं आणि अंगणातून अशी डरकाळी आली की माझ्या हातातलं पीठ सांडलं. मी धावत दारात गेले. हे लालबुंद होऊन ओरडत होते, गाडीवान खाली मान घालून हसत होता. तोच, आख मोडणारा. त्यालाही बरं वाटलं असणार. मी आत येऊन पदर तोंडात कोंबला आणि पोटभर रडले. बाकीचं ज्याचं त्याने समजून घ्यावं. दिवाळीत आमच्या घरात आनंद होता, एवढं सांगते.

पण गाव माझ्यावर उलटलं. "बाईनं साधू बाटवला," असं नदीवर बायका माझ्या तोंडावर म्हणाल्या. भजनाला हे जात होते, पण आता पेंगत नव्हते आणि रडतही नव्हते, उलट पखवाजाचा ठेका चुकला तर बोलून दाखवत होते. बुवांना ते खटकत होतं. तरी त्यांनी निरोप पाठवला, की ठरल्याप्रमाणे कार्तिकीला सगळे न्यायला येतील. मी मालकांना विचारलं नाही. मीच म्हटलं होतं, बरं झाल्यावर जायचं तर जा. शब्द माझा होता. ते स्वतःहूनही काही बोलले नाहीत.

कार्तिकीला सकाळी टाळ वाजवत मंडळी दारात आली. पन्नासएक माणसं, मागे बायका. बुवा पुढे. "चला माउली." मालक आतून आले. डोक्याला फेटा, पायात वहाणा, हातात काही नाही. मी चौकट धरून उभी होते.

"बुवा, दर्शनाला येतो. ऱ्हायला न्हाई."

टाळ थांबले. बुवा म्हणाले, "का? मन पालटलं?"

"मन पालटलं न्हाई. अंग आजारी व्हतं, त्ये बरं झालं. औषध चालू हाय."

"कसला आजार?"

मी मनातल्या मनात ओरडले, अशक्तपणा म्हणा! पण मालकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि पूर्वीच्या आवाजात, मागच्या बायकांनाही ऐकू जाईल असं सांगितलं, "बैल बडवल्यावर त्येचं जे व्हतं, त्ये माझं झालं व्हतं. गालगुंडानं. दाढीबी येत नव्हती. राग येत नव्हता त्यो देवामुळं न्हाई, आजारामुळं."

बायकांनी पदर पुढे ओढले. बुवा म्हणाले, "आरं, मंग दीड वरीस आमी कुनाच्या पाया पडत व्हतो?"

"माझ्या आजाराच्या."

आधी एक पोरगा फिसकन हसला, मग दोघे, आणि मग बुवा स्वतः. असे हसले की पखवाज खाली ठेवावा लागला. हसणं ओसरल्यावर मालक म्हणाले, "ज्याला खरं वैराग येतं त्येच्या मी पाया पडंन. मला न्हाई आलं. मला माझं घर पायजे, पोरं पायजेत, आन् बायको पायजे." भर गावासमोर, दिवसाउजेडी, 'बायको पायजे'! त्या काळात असं कुणी बोलत नसे. मी आत पळाले आणि जात्यापाशी जाऊन बसले. बाहेर टाळ पुन्हा सुरू झाले आणि दर्शनाला निघालेल्या मंडळींत यांचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू येत होता.

दिवस मावळायच्या आत हे परत आले. माझ्यासमोर ओट्यावर बसले, इकडेतिकडे पाहिलं, आणि धोतराच्या सोग्यातून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या. कार्तिकीच्या बाजारातून दरवर्षी आणायचे, मधली दोन वर्षं चुकली होती. "तुज्याच मापाच्या हायेत," म्हणाले. "घाल."

मी हाताला तेल लावलं आणि पहिली बांगडी चढवायला घेतली. ती अंगठ्याच्या हाडाशी अडकली. पुढे जाईना. हे म्हणाले, "थांब, मी घालतो," आणि माझा हात हातात घेतला. मग बांगडी बाजूला ठेवून त्यांनी तो हात उताणा केला, उजेडाकडे धरला. पेरं जाड झालेली, तळवा रुंद, फावड्याचे आणि कासऱ्याचे घट्टे. बोटाने एकेक घट्टा चाचपत राहिले.

"ह्ये कधी झालं?"

मी म्हटलं, "तुम्ही साधू होतात तेव्हा."